१ एप्रिलचा फळा : एका दिनविशेषाचं प्रकरण

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. सदाशिव पेठेत कुठल्याही दारात फळा असणं यात नवल नाही, पण हा रोज पुसला जातो आणि रोज लिहिला जातो. पूर्वी त्यावर सुविचार असायचे. तीन वर्षांपूर्वी ग्रंथपाल बाईंनी ते बंद केले. "सभासदांना सुधारायचे प्रयत्न पुष्कळ झाले," एवढंच म्हणाल्या. त्या जागी दिनविशेष आला, तोही फक्त संगीताचा, कारण बाकीचे दिनविशेष शेजारच्या शाळेच्या फळ्यावर असतातच. माझं अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे आलं. सकाळी साडेआठला फळा लिहायचा आणि तसंच पुढे ऑफिसला जायचं, असा नेम आहे.

हे टिपण त्या फळ्यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये झालेल्या घोळाचं. घोळ लहानच होता आणि आठवडाभरात निस्तरला. पण निस्तरताना जे हाती लागलं ते लिहून ठेवावंसं वाटलं. रोज उठून "आजच्या दिवशी" लिहिणारे माझ्यासारखे बरेच असतील.

फळ्यावर काय होतं

त्या वर्षी पाडवा रविवारी, ३० मार्चला आला आणि सोमवारी ईद. जोडून सुट्टी म्हणून मी साताऱ्याला बहिणीकडे गेले. नोंदींची वही पुण्यातच राहिली. सोमवारी रात्री परत निघताना भाच्याला सांगितलं, उद्याचं काहीतरी शोधून पाठव. तो गिटार वाजवतो, त्यामुळे संगीत म्हणजे काय याबद्दल त्याची मतं ठाम आहेत. खंबाटकीच्या बोगद्यात फोनची रेंज गेली, आणि बाहेर पडल्यावर तीन नोंदी येऊन पडल्या होत्या. त्या तशाच दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवल्या :

१८७३ : रशियन संगीतकार सर्गेई रॅखमानिनोव्ह यांचा जन्म.
१९१७ : रॅगटाइम शैलीचे संगीतकार स्कॉट जॉप्लिन यांचं निधन.
१९८४ : अमेरिकन गायक मार्विन गे यांचा मृत्यू. पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वडिलांनीच गोळ्या झाडल्या.

तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. नंतर मी त्या पुन्हा तपासल्या आणि एकीतही काही वावगं सापडलं नाही. या प्रकरणातली गंमत इथूनच सुरू होते. फळ्यावर एक अक्षर चुकीचं नसताना फळा चुकला होता.

संध्याकाळी परत आले तर सूचनापेटीत तीन चिठ्ठ्या. एकीत नुसतं "एप्रिल फूल का?" दुसरीत एकच शब्द आणि पुढे उद्गारचिन्ह : "गीतरामायण!" तिसरी मात्र जपून ठेवण्यासारखी होती, आणि मी ती ठेवली आहे. पाठकोऱ्या कागदावर, निळ्या शाईत, शिरोरेघा पट्टीने आखल्यासारख्या :

"मा. फलकलेखक यांस, स. न. वि. वि. आपल्या फलकावर आज तीन परदेशी गृहस्थांचे जन्ममृत्यू वाचले. ज्ञानात भर पडली. आजच्याच तारखेस या गावातही काही घडले असल्यास तेही कधी कळावे, ही विनंती. — एक जुना सभासद."

मला चिठ्ठी वाचून हसू आलं आणि मग कानशिलं तापली. गीतरामायण मी विसरले होते, तेही पुण्यात, आणि तेही सत्तराव्या वर्षी.

दुरुस्तीत झालेली चूक

२ एप्रिलला सकाळी घाईघाईने शुद्धिपत्र लिहिलं. फळ्याची एक ओळ म्हणजे साधारण सात-आठ शब्द. दोन ओळींत बसवायचं म्हणून काटछाट करत जे उरलं ते असं :

"१ एप्रिल १९५५ : सुधीर फडके यांनी गायलेल्या ५६ गीतांचं 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून प्रसारित."

खडू ठेवते न ठेवते तोच मागून आवाज आला, "काल तुम्ही चुकला नव्हतात. फक्त राहून गेलं होतं. आज चुकलात."

मागे वळून पाहिलं तर निळ्या शाईचे काका उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, कापडी पिशवी, पिशवीत परतीचं पुस्तक. म्हटलं, "काका, नेमकं काय चुकलं?"

"किती गाणी लागली त्या दिवशी?"

"छप्पन्न."

"सकाळी पावणेनऊला सुरू केली तर छप्पन्न गाणी संपायला किती वाजतील? हिशोब करा आणि मग ऑफिसला जा."

ते आत निघून गेले. मी फळ्याकडे पाहत राहिले, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली जी काकांनी सौजन्याने काढली नव्हती. ओळ बसेना म्हणून मी माडगूळकरांचंच नाव गाळलं होतं. गीतरामायणाच्या नोंदीतून गदिमा. ओल्या फडक्याने फळा पुसला आणि त्या दिवशी कोरा ठेवला. फळा कोरा राहण्याची तीन वर्षांतली ती पहिलीच वेळ.

त्या दिवशी खरोखर काय झालं

पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ ला. म्हणजे १९५५ च्या वसंतात केंद्र जेमतेम दीड वर्षाचं होतं. तिथले सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही. रेडिओसाठी काहीतरी सलग, वर्षभर चालेल असं लिही, हा त्यांचा आग्रह. त्यातून रामकथा गाण्यांमधून सांगायची कल्पना पुढे आली आणि चाली सुधीर फडक्यांकडे गेल्या. दोघंही १९१९ चे. फडके जुलैत कोल्हापुरात जन्मलेले, माडगूळकर ऑक्टोबरात शेटफळ्याला. म्हणजे तेव्हा दोघंही पस्तीस वर्षांचे. आज दोघांचे फोटो हार घातलेले पाहायची सवय लागली आहे, त्यामुळे हे वय ध्यानात येत नाही. आमच्याकडे पस्तिशीतले सभासद वर्गणी थकवतात म्हणून बोलणी खातात.

मुहूर्त रामनवमीचा धरला. १९५५ ची रामनवमी १ एप्रिलला होती, वार शुक्रवार. सकाळी पावणेनऊ वाजता 'स्वये श्रीरामप्रभू ऐकती' लागलं, भूप रागातलं. त्या दिवशी एवढंच. पुढे क्रम असा ठरला की शुक्रवारी नवं गाणं लागायचं आणि तेच शनिवारी आणि रविवारी सकाळी पुन्हा. एक गाणं चुकलं तर ऐकायला आणखी दोन संधी, आणि पाठ करायचं असेल तर तीन.

या पहिल्या गाण्याची एक गोष्ट पुण्यात सगळ्यांना येते. माडगूळकरांनी दिलेला कागद ऐन वेळी हरवला, ते संतापले, लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि गाणं पुन्हा लिहून झालं. किती वेळात? सांगणारा पंधरा मिनिटं म्हणतो, ऐकणारा पुढे सांगताना दहा करतो. आमच्या समितीतल्या एका गृहस्थांनी पाचवर आणली. मी तेव्हापासून एक नियम केला आहे : ज्या गोष्टीतली मिनिटं दर खेपेला कमी होतात ती चहाबरोबर सांगावी, फळ्यावर लिहू नये.

पण काकांच्या प्रश्नाचा खरा रोख वेगळा होता, तो मला संध्याकाळी कळला. १ एप्रिल १९५५ च्या सकाळी ज्यांनी रेडिओ लावला त्यांनी एक गाणं ऐकलं. चांगलं वाटलं असेल. पण आपण इतिहासातल्या प्रसंगाला हजर आहोत असं कुणाला वाटलं असणं शक्य नाही, कारण तो प्रसंग अजून झालाच नव्हता. तो पुढे वर्षभर होत राहिला. रेडिओसमोर उदबत्ती लावणं, रेडिओला हार घालणं, वर्तमानपत्रांत गाण्याचे शब्द छापून येणं, हे सगळं नंतरचं. आपण मात्र ते सगळं गोळा करून पहिल्या तारखेच्या खुंटीला टांगतो. मी फळ्यावर नेमकं तेच केलं होतं.

काकांना ते वर्ष अंधुक आठवतं. वय आठ. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला वाडा. रेडिओ एकट्या मालकांकडे, परवाना काढलेला. सेट व्हॉल्व्हचा, त्यामुळे लावल्यावर लगेच बोलत नसे, तापायला वेळ घेई. मालकीणबाई पावणेनऊला पाच कमी असतानाच बटण फिरवत आणि मुलांना दटावत, "आवाज नको, तापतोय." काकांना पहिलं गाणं आठवत नाही. आठवतो तो सेटच्या मागचा नारिंगी उजेड आणि तापलेल्या धुळीचा वास. "पहिलं गाणं ऐकलं असं मी सांगू शकतो," ते म्हणाले, "माझ्या वयाचे सगळे सांगतात. पण मला दुसरं-तिसरंच आठवत असणार." त्यांच्या आईने वर्तमानपत्रातले शब्द कापून वहीत डकवले होते. ती वही १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात गेली.

छप्पन्नचा हिशोब

३ एप्रिलला काका पिशवीतून एक जुनं पंचांग घेऊन आले. शके १८७७. पानं तपकिरी, कडा जेवणानंतरच्या बडीशेपेसारख्या हातात गळणाऱ्या. ग्रंथपाल बाईंनी टेबलावर आधी वर्तमानपत्र अंथरलं आणि मग ते ठेवू दिलं.

सगळीकडे लिहिलेलं असतं की गीतरामायण आधी बावन्न गाण्यांचं ठरलं होतं आणि त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे चार वाढून छप्पन्न झाली. मी हे कितीदा वाचलं असेल. खरं सांगायचं तर मला ते कधीच नीट कळलं नव्हतं. अधिक महिना आला म्हणून वर्षाचे शुक्रवार कसे वाढतील? वर्ष तर तेवढंच.

काकांनी परतीच्या पावतीची पाठ घेतली आणि पेन्सिलीने लिहायला लागले.

शेवटचं गाणं, 'गा बाळांनो, श्रीरामायण', भैरवीतलं, लागलं १९ एप्रिल १९५६ ला. त्या दिवशी पुढची रामनवमी होती. १ एप्रिल ते १ एप्रिल वर्ष झालं. १९५६ लीप वर्ष, २९ फेब्रुवारी मध्ये पडतो, म्हणून ३६६ दिवस. त्यावर १९ तारखेपर्यंतचे १८. बेरीज ३८४.

"साताने भागा."

५४ आठवडे आणि वर ६ दिवस.

"पहिला शुक्रवार धरून शुक्रवार किती झाले?"

पंचावन्न. शेवटचा १३ एप्रिलला.

"आणि वरचे सहा दिवस मोजले की वार कोणता येतो?"

गुरुवार. १९ एप्रिल १९५६ हा गुरुवार होता. पंचावन्न शुक्रवार आणि शेवटी नवमीचा एक गुरुवार, छप्पन्न.

मी पावती हातात घेऊन पुन्हा मोजलं. दर शुक्रवारी एक नवं गाणं आणि सांगता रामनवमीला, एवढं धरलं की आकडा अगदी चपखल बसतो. मग काकांनी खालच्या कोपऱ्यात दुसरा हिशोब मांडला. अधिक महिना आला नसता तर? रामनवमी ते रामनवमी साधं चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. त्यात शुक्रवार ५१, आणि वर शेवटची नवमी. बावन्न. पण त्या शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला, नवमी महिनाभर पुढे गेली, आणि शुक्रवार चार वाढले.

म्हणजे बावन्न हा आकडा इंग्रजी वर्षाच्या आठवड्यांचा, असं मी जे इतकी वर्षं धरून चालले होते, त्याची गरजच नाही. चांद्रवर्षाच्या हिशोबानेही बावन्नच येतात. कुणी असा हिशोब खरंच केला होता की सरळ बावन्न आठवडे धरले होते, ते पावतीच्या पाठीवरून ठरत नाही. पण वाढलेली चार गाणी ही अधिक भाद्रपदाची देणगी, हे मात्र त्या पावतीवर स्वच्छ दिसतं. माडगूळकरांवर आणि फडक्यांवर चंद्राने चार गाणी जादा लादली, आणि मराठी माणसाचा त्यात फायदाच झाला.

ग्रंथपाल बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अधिकात जावयाला अनारसे देतात. इथे श्रोत्यांना दिलं."

कुणी गायलं

दुसरी चूक गायकांची. "सुधीर फडके यांनी गायलेल्या ५६ गीतांचं" असं मी लिहिलं तेव्हा माझ्या कानात कॅसेट होती. आमच्या घरी रामनवमीला आजही तीच लागते, आता फोनवरून. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, पुढे मंचावर एकट्याने हे गायलं, त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रणं निघाली, आणि माझ्या पिढीच्या लेखी गीतरामायण म्हणजे तो एक आवाज.

आकाशवाणीवरचं मूळ प्रसारण तसं नव्हतं. तिथे पात्रागणिक गळे होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर, आणखीही. फडके गायक होते, आणि सगळ्यांना चाली देणारेही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी वाड्यात जे ऐकू आलं आणि मी दरवर्षी जे ऐकते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाल तीच, शब्द तेच. पण तेव्हा शुक्रवारी रेडिओ लावणाऱ्याला आज कोण गाणार ही उत्सुकता असणार. ती आता कुणाच्याच वाट्याला येत नाही. मला या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी हळहळ वाटते, पण ती फळ्यावर लिहिण्याजोगी नाही.

तारीख की तिथी

४ तारखेला संध्याकाळी समितीची बैठक होती. विषय खरं तर पंखे दुरुस्तीचा. पण ६ एप्रिलला, रविवारी, रामनवमी येत होती, आणि फळ्याचा विषय निघालाच. १ एप्रिल तर निसटला, मग आता नोंद ६ ला करायची का?

कार्यवाहांचं म्हणणं साफ होतं. १९५५ मध्ये रामनवमी होती म्हणून कार्यक्रम त्या दिवशी लागला. उद्या रामनवमी ३ तारखेला असती तर तो ३ ला लागला असता. तेव्हा वर्धापनदिन तिथीनेच. ग्रंथपाल बाई विरुद्ध बाजूच्या. फळ्याचं नाव दिनविशेष आहे, तिथीविशेष नाही, आणि तिथी धरली तर दरवर्षी पंचांग उघडावं लागेल. २०२४ ला रामनवमी १७ एप्रिलला होती, २०२५ ला ६ ला. वहीत कुठल्या पानावर लिहायचं?

दोघांचंही खरं आहे, म्हणून बैठक लांबली. पंखे राहिले.

काका समितीवर नाहीत, पण परतीचं पुस्तक द्यायला आले होते. त्यांनी मध्येच एक मुद्दा टाकला जो मला अजून पुरतो आहे. या एका कार्यक्रमात तीन कालगणना काम करत होत्या. सुरुवात आणि शेवट तिथीने ठरले, मधलं वर्ष वाराने चाललं, आणि नोंद राहिली तारखेची. रामनवमी देवाची, शुक्रवार रेडिओच्या वेळापत्रकाचा आणि १ एप्रिल दप्तराचा. तिघांची गाठ १९५५ मध्ये एका सकाळी पडली आणि लगेच सुटली. पुन्हा कधी रामनवमी आणि १ एप्रिल एकत्र येतात? काकांकडे उत्तर तयार होतं. चंद्र आणि सूर्याचं गणित साधारण १९ वर्षांनी जुळतं, एखादा दिवस इकडेतिकडे होतो. १९५५ मध्ये १९ ची तीन आवर्तनं मिळवली की २०१२. आणि २०१२ ची रामनवमी खरोखरच १ एप्रिलला होती. वार मात्र रविवार.

त्या रात्री हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं तो कंटाळेल. तो म्हणाला, "मावशी, मी पाठवलेल्या पहिल्या नोंदीत हाच घोळ आहे की. रॅखमानिनोव्ह जन्मला त्या दिवशी रशियात २० मार्च होता." तपासलं, तर पोरगं बरोबर होतं. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती एकोणिसाव्या शतकात बारा दिवस मागे होती. त्याच्या घरच्यांनी २० मार्च १८७३ लिहिलं असणार, आपण १ एप्रिल म्हणतो. म्हणजे १ एप्रिलच्या त्या "परदेशी" फळ्यावरही पहिल्याच ओळीत तारखेचा वाद दडलेला होता, आणि मी तो माझ्याच हाताने लिहून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मग पुण्यातल्याच बाकीच्या नोंदी मी वहीत उलटून पाहिल्या. सवाई गंधर्व गेले १२ सप्टेंबर १९५२ ला, आणि त्यांच्या स्मृत्यर्थ भीमसेनांनी १९५३ पासून महोत्सव सुरू केला, पण आज पुणेकराला सवाई म्हटलं की डिसेंबर, स्वेटर आणि कॉफी आठवते. सप्टेंबर कुणाच्या लक्षातही नाही. बालगंधर्व रंगमंदिराचं उलट. कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या, नारायणरावांच्या, हस्ते बसली, आणि उद्घाटन मुद्दाम त्यांच्या वाढदिवसावर, २६ जून १९६८ ला केलं. तिथे तारीख घडलेली नाही, नेमलेली आहे. आणि ज्यांचा वाढदिवस ते आदल्या वर्षीच्या १५ जुलैला गेलेले. वहीत २६ जूनच्या पानावर मी जन्म आणि उद्घाटन अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या होत्या, जणू योगायोगच.

फळ्यावर शेवटी काय गेलं

रविवारी वाचनालय अर्धा दिवस उघडं असतं. ६ एप्रिलला मी साडेसातलाच गेले. आदल्या रात्री मजकूर चार वेळा लिहून काढला होता. उलटी, म्हणजे शेवटापासून सुरुवात करणारी नोंद मला नको होती. ज्या सकाळी फक्त एक गाणं लागलं त्या सकाळीच उभं राहून लिहायचं होतं. फळ्यावर हे गेलं :

"आज रामनवमी. सत्तर वर्षांपूर्वीच्या रामनवमीला, शुक्रवार १ एप्रिल १९५५ रोजी, सकाळी पावणेनऊ वाजता पुणे आकाशवाणीवर एक गाणं लागलं. शब्द ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके. पुढची पंचावन्न अजून यायची होती."

चार ओळी झाल्या. एरवी दोनच्या वर जात नाही. पण रॅखमानिनोव्ह आणि मंडळींनी मला शिकवलं होतं की दोन ओळींत तीन खऱ्या गोष्टी बसवण्यापेक्षा चार ओळींत एक गोष्ट नीट बसवलेली बरी.

तुळशीबागेत जन्मोत्सवाला निघालेली एक आई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी फळ्यापाशी थांबल्या. मुलीने मोठ्याने वाचलं. "पुढची पंचावन्न अजून यायची होती" याला ती थांबली आणि आईला विचारलं, "मग आली का?" आई म्हणाली, "आली गं, चल." मी खडू डबीत ठेवत होते. सात दिवसांची सगळी कटकट त्या "मग आली का?" मध्ये फिटली.

तारखेच्या प्रश्नावर समितीत तोड निघाली ती पुणेरीच म्हणायची. वहीत १ एप्रिलच्या पानावर तारखेची नोंद राहील आणि समासात "तिथी पाहावी" असा शेरा. रामनवमीला फळा तिथीचा, एरवी तारखेचा. कार्यवाहांनी हे ठरावात घालायला लावलं. पंख्यांचा ठराव पुढच्या बैठकीत झाला.

एक गोष्ट मात्र मला हा फळा लिहून झाल्यावरच उमगली, आणि ती आधी कुणी सांगितली असती तर मी बैठकीत तोंड उघडलं असतं. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर रामायण गात आहेत. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्या दोघांना सांगतात, जा, गा. कथेच्या क्रमाने पाहिलं तर १९ एप्रिल १९५६ चं गाणं आधीचं आणि १ एप्रिल १९५५ चं नंतरचं. शेवटचं गाणं ऐकून झालं की माणूस पहिल्याच्या दारात येऊन उभा राहतो. ज्यांनी ते रचलं त्यांनीच तारखांची अशी गाठ मारून ठेवली होती, आणि आम्ही तीन दिवस सुरुवात कोणती यावर चहा पीत होतो.

१९ एप्रिलला, शनिवारी, मी आठवणीने लिहिलं : "१९५६ : गुरुवार, रामनवमी. गीतरामायणाची भैरवी. ३८४ दिवस, ५६ गाणी." काका आले, वाचलं, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. "गाणी" तल्या दीर्घ वेलांटीचं टोक मी जरा आखूड काढलं होतं. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, ते पुरं केलं, आणि खडू परत दिला. मग पिशवीतून एक चिठ्ठी काढली. निळी शाई.

"मा. फलकलेखक यांस. ३१ ऑक्टोबरकरिता आगाऊ. १८८०, आनंदोद्भव नाट्यगृह, पुणे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल'. त्या रात्री पहिले चार अंकच झाले. संबंध नाटक लागले असे लिहू नये."

मी ती वहीत ऑक्टोबरच्या पानाला टाचून ठेवली आहे.